विंडोज ११, मॅक की लिनक्स? नौपाड्यातल्या डीटीपीच्या दुकानासाठी सल्ला हवा

नौपाडाकर

नमस्कार मंडळी,

नौपाड्यात आमचं डीटीपी (कॉम्प्युटरवर पानं जुळवणं) आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, एक दिवाळी अंक आणि ठाणे-डोंबिवलीतल्या लेखकांची पुस्तकं अशी कामं असतात. चार कॉम्प्युटर आहेत, सगळे सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे, सगळ्यांवर विंडोज १०. त्याची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे आमची धडधाकट मशिनं नियमात बसत नाहीत.

मुलगी म्हणते मॅक मिनी घ्या. भाचा म्हणतो आहे त्याच मशिनवर लिनक्स टाका, पैसा लागत नाही. दुकानात सगळ्यात जुन्या आहेत त्या ऑपरेटर वहिनी. त्या म्हणतात, दिवाळी अंक तोंडावर असताना काही हलवू नका.

रोजचं काम म्हणजे पानं जुळवायला पेजमेकर ७, चित्रांना कोरल ड्रॉ, डोंगलवर (मशिनला लावायच्या परवान्याच्या चावीवर) चालणारं एक जुनं मराठी फॉन्टचं पॅकेज आणि हिशेबाला टॅली. शिवाय जवळजवळ वीस वर्षांच्या फायली. मशिनं बदलायचा खर्च दरवर्षी झेपणारा नाही, म्हणून एकदाच आणि नीट निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

उपवन

मी ग्राफिक डिझाइनचं काम करते, पूर्ण मॅकवर. मनापासून सांगते, मॅक मिनी घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये एम४ चिपचा आला तो भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला, आणि पायाभूत मॉडेललाच १६ जीबी रॅम. मॉनिटर तुमच्याकडे आहेतच. आवाज नाही, वीज कमी खातो, लहान दुकानात जागा अडवत नाही.

आणि डीटीपी हे मॅकचं माहेर आहे. पेजमेकर १९८५ मध्ये आलं ते आधी मॅकवर. लेझर प्रिंटर, त्याला पान समजावणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणि मॅक या तिघांनी मिळून पानं जुळवायचं काम टेबलावर आणलं. पीसीवर ते नंतर पोचलं. आजही पीडीएफ आणि फॉन्ट मॅकच्या हाडामासात आहेत. कोहिनूर देवनागरीसारखा सुंदर फॉन्ट सोबतच मिळतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. पानं जुळवायला इनडिझाइन घ्या आणि पेजमेकरला निरोप द्या. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची आहे.

कोपरीकर

उपवनताई, मशीन उत्तम आहे, वाद नाही. पण मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. मॅक मिनीची रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जेवढी घेतली तेवढीच. इकडे पावसाळ्यात दमट हवेनं आणि विजेच्या झटक्यांनी एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा डबा) जातात, कधी रॅमच्या पट्ट्यांना गंज धरतो. असेंबल पीसी असेल तर सुटा भाग ठाण्यातच मिळतो, नाही मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो, आणि संध्याकाळपर्यंत दुकान पुन्हा चालू. छपाईवाल्याला मशीन चार दिवस बंद ठेवणं परवडत नाही, लग्नाची तारीख थांबत नसते.

पीसी जिंकला तो याच मोकळेपणामुळे. आयबीएमनं १२ ऑगस्ट १९८१ ला आपला पीसी आणला तो बाजारात मिळणाऱ्या भागांचा, आत इंटेलचा ८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झ. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा गाभा म्हणजे बायोस, मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम. कॉम्पॅकनं तोही कायदेशीर मार्गानं नव्यानं लिहून काढला, आणि मग कुणीही पीसी बनवायला मोकळा झाला. आपल्याकडे घराघरात, क्लासेसमध्ये कॉम्प्युटर पोचला तो या असेंबल पीसीच्या रूपानं. मध्यमवर्गाला मॅक तेव्हा परवडणारा नव्हता.

नौपाडाकर, मुदतीबद्दल. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची जादा सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. धंद्यासाठी ती विकत घेता येतात, जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिल्या वर्षी दर मशीन ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, म्हणजे तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर. एवढ्यात नवा पीसी दारात येतो. पहिलं वर्ष घ्यायला हरकत नाही, तेवढ्यात दिवाळी अंकही पार पडेल. त्यापुढे अजिबात नको.

आणि जुन्या मशिनवर नियम चुकवून विंडोज ११ बसवून देणारे भेटतील. दुकानाच्या मशिनवर ते करू नका. अशा मशिनला पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

हिशेबनीस

वाशीत हिशेबाची कामं करतो. थोडक्यात लिहितो. टॅली विंडोजवर चालते, मॅक-लिनक्सची आवृत्ती नाही. जीएसटीचं रिटर्न वेबसाइटवर भरायचं असल्यानं ते कुठूनही भरता येतं. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर ओटीपीवर काम भागतं, डिजिटल सहीचं टोकन लागत नाही. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर लागतं.

त्यामुळे काहीही ठरवा, एक मशीन विंडोज ११ चं ठेवा. बाकी तिघांवर वाद घाला.

खाडीपलीकडे

ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरी-दारी लिनक्सच वापरतो, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते उघड आहे. पण नौपाडाकरांची यादी वाचल्यावर वाटतं की आपण सगळे चुकीच्या प्रश्नावर भांडतोय. तुम्हाला बांधून ठेवलंय ते विंडोजनं नाही, त्या जुन्या फॉन्टच्या पॅकेजनं.

जरा उलगडून सांगतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारं मानक. ते येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये मजकूर मराठी म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट काढून टाकला की फायलीत निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं उरतात. प्रत्येक कंपनीनं खण आपापल्या मर्जीनं भरले, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही. क्रमही दिसण्याचा असतो, उच्चाराचा नाही. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी साठवली जाते आणि क नंतर. 'कर्म'मधला रफार म नंतर येतो. युनिकोडमध्ये नेमकं उलट. क आधी मग वेलांटी, र आधी मग म.

पेजमेकर युनिकोड जाणत नाही. म्हणजे पेजमेकर, फॉन्ट आणि डोंगल ही एकच गाठ आहे.

आता तिन्ही पर्याय या गाठीवर घासून बघा. नवा मॅक घेतला तर त्यावर विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशिनच्या आतल्या आभासी मशिनमध्ये) चालेल, पण ते एआरएम जातीच्या चिपचं विंडोज. जुने प्रोग्रॅम त्यावर बऱ्यापैकी चालतात. उपकरण चालवणारा ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच लिहिलेला लागतो, जुना चालत नाही. डोंगलचा ड्रायव्हर तसा नसेल तर फॉन्टचं पॅकेज उघडणारच नाही. लिनक्सवर वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून पेजमेकर चालवायचं म्हटलं तरी अडचण डोंगलचीच. पण लिनक्स तुमच्या आहे त्याच इंटेल मशिनवर असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स या आभासी मशिनमध्ये विंडोज १० ठेवून यूएसबी डोंगल त्याच्या ताब्यात देता येतं. त्या विंडोजचं इंटरनेट बंद ठेवायचं, म्हणजे अपडेटचा प्रश्न बोथट होतो. आणि विंडोज ११? ते फक्त ६४ बिटचं येतं. तुमच्या पॅकेजचा एखादा भाग १६ बिटच्या जमान्यातला असेल तर तिथेही तो थांबेल.

म्हणून माझं मत असं. आधी मजकूर सोडवा, मग मशीन निवडा. मजकूर युनिकोडमध्ये आला की कुठलंही मशीन घ्या, आणि पुढच्या वेळी असा धागा काढावाच लागणार नाही.

उपवन

डोंगलचा मुद्दा मान्य. पण जुन्या फायलींसाठी नवं काम का अडवायचं? इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, देवनागरी नीट जुळते. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लावायचा, बस. आज येणारं प्रत्येक काम थेट युनिकोडमध्ये करा. जुनी मशिनं कोपऱ्यात जुन्या फायलींपुरती ठेवा. किती पुस्तकं पुन्हा छापली जातात?

नौपाडाकर

उपवनताई, तेच तर आमचं पोट आहे. सोसायटीचा अहवाल दरवर्षी मागच्या वर्षीच्या फायलीवरून उभा राहतो. पत्रिकांचे मजकूर पिढ्यान् पिढ्या तेच, फक्त नावं बदलतात. एका कवींची सगळी पुस्तकं आमच्याकडे जुळवलेली आहेत. ते गेले, आता घरच्यांना ती एकत्र काढायची आहेत, ई-बुकही हवंय. फायली आमच्याकडे आहेत, पण त्यांना पाठवल्या तर त्यांच्या लॅपटॉपवर एक अक्षर वाचता येत नाही. तो मजकूर त्यांच्या वडिलांचा आहे आणि तो आमच्या डोंगलशिवाय उघडत नाही, हे मला फार लागतं.

खाडीपलीकडे, तुमच्या लिहिण्यातून पहिल्यांदा नीट समजलं की अडलंय कुठे.

पाचपाखाडी_२

लिनक्सवरून छपाईला फाइल कशी देणार? आमचा प्रेसवाला कोरलची फाइलच मागतो.

खाडीपलीकडे

प्लेट बनवणाऱ्याला हवी असते ती पीडीएफ, फॉन्ट आत घातलेली. कोरलची फाइल मागतात ती ऐन वेळी दुरुस्ती करता यावी म्हणून. स्क्रायबस ही मोफत पानं जुळवायची प्रणाली सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) दोन्ही देते, आणि १.६ पासून देवनागरीची जोडाक्षरंही बरोबर जुळवते. साध्या अहवालांना तर लिबरऑफिस पुरतं.

मात्र कोरल ड्रॉ लिनक्सवर नाही. त्याच्या जागी इंकस्केप आहे, चांगलं आहे, पण ज्याचा हात कोरलवर बसलाय त्याला पहिले काही महिने जड जातील. हे लपवण्यात अर्थ नाही.

जुना_खिळा

मी कळव्याला राहतो. आयुष्य छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं, मग फोटोटाइपसेटिंग, मग डीटीपी. तुमची चर्चा मन लावून वाचली.

उपवनताई मॅकच्या अक्षरांची थोरवी सांगतात, ती खरी आहे. पण मराठी कॉम्प्युटरवर आली ती फक्त मॅक-विंडोजच्या कृपेनं नाही, हे लक्षात असू द्या. पुण्याला सी-डॅक हे सरकारी संगणन केंद्र १९८८ ला उभं राहिलं. त्यांचं जिस्ट कार्ड साध्या डॉसच्या मशिनमध्ये बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ ला इस्की हे भारतीय मानक आलं, आयएस १३१९४. बहुतेक भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक मांडणी, आणि सोबत इनस्क्रिप्ट कीबोर्ड. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला आहे. म्हणजे मजकूर मजकूर म्हणून साठवायची सोय होती. आम्ही छपाईवाल्यांनी मात्र चित्रांच्या फॉन्टवर काम केलं, कारण तेव्हा पानावर देखणं तेच दिसायचं. गिऱ्हाईक पान बघतं, साठवण बघत नाही.

तीस वर्षांत तीन वेळा साधनं बदलताना मी पाहिली. यंत्रं गेल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खिळ्यांचे जुळवलेले फर्मे सोडवून खिळे पुन्हा खणात टाकायचो तेव्हा पुस्तक संपायचं, पुन्हा छापायचं तर पहिल्यापासून जुळवणी. कॉम्प्युटर आला तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की आता मजकूर कायमचा राहील. तो राहिला पाहिजे. नौपाडाकरांनी त्या कवींच्या पुस्तकांबद्दल लिहिलं ते वाचून म्हणूनच राहवलं नाही.

आणि त्या ऑपरेटर वहिनींचा विचार कुणीच केला नाही. टाइपरायटरच्या आराखड्यावर ज्यांचा हात बसला त्यांचा वेग इनस्क्रिप्टवर निम्म्यावर येतो. रोमनमधून मराठी टंकणं त्यांना आणखी अवघड. मशीन कुठलंही आणा, त्यांच्या बोटांना ओळखीचा कीबोर्ड आधी द्या. नाहीतर दुकानाचा सगळ्यात मोठा गुण तुम्ही घालवाल.

खाडीपलीकडे

काका, कीबोर्डचा मुद्दा अगदी मोलाचा. इनस्क्रिप्ट तिन्हीकडे आहे, त्यामुळे नव्या माणसाला तेच शिकवावं. एकदा शिकला की मशीन बदललं तरी बोटं तीच. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आतच मिळतो. टाइपरायटरचा आराखडा लिनक्सवर आयबस या टंकनाच्या सोयीच्या एम१७एन संचात आहे, हिंदीच्या नावानं. वहिनींना आधी घरी एका मशिनवर हाताखालून घालू द्या. त्यांना नाही जमलं तर त्यांच्या टेबलावर लिनक्स नको, हे लिनक्सवाला म्हणून मी सांगतो.

उपवन

काकांचं बरोबर आहे, पानावरचं अक्षर हा आमच्यासारख्यांचा पहिला प्रश्न असतो. पण आता युनिकोडमध्ये देखणे फॉन्ट नाहीत ही तक्रार उरली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या गटानं केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे दोन्ही फॉन्ट मोफत, मुक्त परवान्याचे, तिन्हीकडे चालतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. हे कटाक्षानं करा, पुष्कळ छापील मजकुरात राहून जातं.

मॅकबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. मजकूर युनिकोडमध्ये आला की डोंगलचा अडसर संपला, मग मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकाच्या रंगीत पानांसाठी मॅकइतकं निर्वेध काम दुसरीकडे होत नाही.

कोपरीकर

त्यावर एकच सांगतो. दुकानाला दहा वर्षं काढायची असतील तर ॲपलची चाल ओळखून असा. १९९४ ला पॉवरपीसी, २००६ ला इंटेल, २०२० ला स्वतःची चिप, दर वेळी जुने प्रोग्रॅम काही वर्षांत मागे पडले. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीनं ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले. विंडोज जुन्या प्रोग्रॅमला सांभाळतं पण आता जुन्या मशीनला हाकलतंय. लिनक्स जुन्या मशीनला सांभाळतं पण गिऱ्हाइकाचे प्रोग्रॅम त्यावर नसतात. तुमच्या चार मशिनांत एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाकली तर मिंट २२ ही लिनक्सची आवृत्ती त्यावर सहज पळेल, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

उपवन

पुढे जायचं म्हटलं की मागचं सोडावं लागतं, आणि ॲपल ते आधी सांगून सोडतं. २०२० चा पहिला एम१ चिपचा मॅक आजही उत्तम चालतोय. पण दहा वर्षांच्या हिशेबाचा तुमचा मुद्दा मी खोडून काढत नाही.

नौपाडाकर

मंडळी, घरी आणि दुकानात बसून ठरवलं ते असं. दिवाळी अंक होईपर्यंत वहिनींचं मशीन जसंच्या तसं, जादा अपडेट्सचं पहिलं वर्ष घेऊन. एक नवा विंडोज ११ चा पीसी, त्यावर टॅली आणि कोरल. दोन जुन्या मशिनांवर लिनक्स मिंट, एकात व्हर्च्युअल विंडोज आणि डोंगल, दुसऱ्यावर अहवाल आणि मजकुराचं काम. मॅकचं पुढच्या वर्षी बघू, मुलीनं रंगीत कामं अंगावर घेतली तर तिच्यासाठी.

डोंगल आहे तोवर सगळ्या जुन्या फायलींची पीडीएफ काढायला घेतली आहे. शोधायला उपयोग नाही हे कळतं, पण निदान पान दिसेल आणि छापता येईल.

आणि कवींचा पहिला संग्रह युनिकोडमध्ये बदलून पाहिला. वेलांट्या आणि रफार बरोबर आले. पण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' सगळीकडे 'दुसर्या', 'वार्यावर' झालंय. शोधून एकदम बदलून टाकू का?

खाडीपलीकडे

थांबा, तसं करू नका! 'दऱ्या' आणि 'दर्या' दोन्ही शब्द खरे आहेत, आणि कवितेत दोन्ही असणार. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना'चंही तेच. 'मर्यादा', 'पर्याय', 'सूर्या' तर बिघडतीलच.

उपाय आधीच्या पायरीवर आहे. जुन्या फॉन्टमध्ये चंद्रकोरीसारख्या 'र'ला वेगळा खण असतो, रफाराला वेगळा. म्हणजे भेद मूळ फायलीत शाबूत आहे, रूपांतराच्या तक्त्यात तो खण चुकून रफाराशी जोडलाय. तक्ता साधी मजकुराची फाइल असेल तर ती ओळ मी दुरुस्त करून देतो. खालचा टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, अशी जोडणी हवी. 'ऱ्हास' आणि 'तऱ्हा'सुद्धा त्यातच सुधारतील. मूळ फायलींना हात लावू नका, प्रत्येक वेळी मुळापासून पुन्हा रूपांतर करा.

जुना_खिळा

तक्ता सुधारला की पहिला संग्रह छापून कळव्याला पाठवा. जुनं छापील पुस्तकही सोबत द्या, ओळीला ओळ लावून वाचतो. कवितेत शब्द तपासणारं यंत्र उपयोगाचं नाही, कवी मुद्दाम वेगळं लिहितात. प्रुफं कागदावरच द्या, पडद्यावर नकोत, आणि ओळींत जागा जरा मोकळी सोडा.